आढीतली राजेळी आणि माझा अंगठा

निघताना बायकोने दोन गोष्टी बजावल्या. "गाडीत डोळा लागू देऊ नका, आणि तिकडे गेल्यावर दिसेल त्या वस्तूला हात लावत बसू नका." पहिली मी पाळली.

वाईहून सकाळच्या ठाणे गाडीने निघालो. थंडी सरत आली होती. मांडीवर पिशवी होती, आणि तिच्यात भाचीसाठी हळद, घेवडा आणि तिच्या आईने दिलेली थालीपिठाची भाजणी. भाची म्हणजे धाकट्या बहिणीची सुनंदा. तिचा नवरा किरण आमच्या गावच्या बँकेत बदलून आला होता. मुलगा सरळ वाटला म्हणून ते स्थळ मीच सुचवलं. जात वेगळी, बोली वेगळी, माणसं पार समुद्राकाठची. बहीण धास्तावली होती. "दादा, तुझ्या भरवशावर पाठवते हं," एवढंच म्हणाली. पुढे किरणची बदली परत तिकडे झाली, सुनंदा वसईला गेली, आणि दोन-तीन वर्षं झाली तरी भरवसा देणारा मी तिच्या दारात एकदाही गेलो नव्हतो.

मी बोलणारा माणूस नाही. घरात आणि कचेरीत माझं बोलणं जेवढ्यास तेवढं. या प्रवासात जे घडलं ते परत आल्यावर मी कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. तिलाही ते इथेच वाचावं लागेल. त्यासाठी आधी माझ्या उजव्या अंगठ्याविषयी लिहायला हवं.

आमच्या मंडईत माझा अंगठा प्रसिद्ध आहे. पेरू, चिकू, पपई, आंबा, काहीही असो, देठाच्या जरा खाली तिरका अंगठा टेकवायचा, हलकेच दाबायचं, आणि आत काय चाललंय ते कळतं. माझं फळ कधी फसत नाही. शेजारीपाजारी लग्नकार्याला आंबे आणताना मला बरोबर नेतात. पेरूवाली शांताबाई मला लांबून पाहिलं की म्हणते, "आले परीक्षक!" हे मला कौतुकच वाटत आलं. दहा दाबायची तेव्हा चार निवडायची, यात काही गैर आहे असं मला कधी वाटलं नाही. तुम्हालाही वाटत नसेल.

ठाण्याला गाडी बदलली. घोडबंदरच्या रस्त्याला झाडी दाट होत गेली आणि वळणावर एकदम खाडी समोर आली. मी वाईचा माणूस. पाणी म्हणजे माझ्या डोक्यात कृष्णा आणि तिचे घाट. हे पाणी पलीकडच्या डोंगरापर्यंत पसरलेलं, राखाडी, गपगार. पुलावर गाडी चढली तेव्हा मी नकळत खिडकीची दांडी धरली. शेजारचा माणूस पेपर वाचत होता, त्याने मानही वर केली नाही.

हमरस्ता सोडून गाडी पश्चिमेला वळली तशा नव्या इमारती लागल्या. अर्ध्या रंगवलेल्या, अर्ध्या नुसत्या विटांच्या. प्रत्येकीच्या पायाशी पाण्याचा टँकर नाहीतर रिकाम्या कळशांची रांग. मनात म्हटलं, पोरीला कुठे दिली मी! पण रूळ ओलांडून गाडी वसई गावाकडे निघाली आणि चित्रच पालटलं. दोन्ही बाजूंनी केळी, नारळ, मोगऱ्याचे ताटवे, पानवेलींचे मांडव, मधूनच एखादा पांढराशुभ्र क्रूस. रस्त्यावर ऊन पडायला जागा नव्हती.

होळी गावाच्या थांब्यावर सुनंदा उभी होती. वाळली होती, पण तोंडावर तेज होतं. माझी पिशवी हिसकावून घेत म्हणाली, "मामा, अखेर रस्ता सापडला म्हणायचा!"

घर वाडीच्या (बागायतीच्या) पोटात. कौलारू, पुढे ओटी, मागे बावखल (वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं). मी बावखलाच्या काठी उभा राहिलो तो उभाच राहिलो. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, आणि या जमिनीने पोटात गोडं पाणी धरून ठेवलेलं. त्यावर केळीच्या पानांची हिरवी सावली, एक खंड्या फांदीवरून सुटून पाण्यात पडला आणि चोचीत चांदी घेऊन वर आला. विहिरीवरचा पंप धडधडत होता आणि पाटाचं पाणी एकेका वाफ्यात शिरत होतं. एवढी हिरवाई मी एका जागी कधी पाहिली नव्हती.

सुनंदाच्या सासूबाई, जानकीकाकू, ओटीवर बसल्या होत्या. पासष्टीच्या, काटक, पण उजवा खांदा धरलेला. हात वर जात नव्हता. "या मामा. पानी घ्या आधी, मग बोलू," म्हणाल्या. ती माणसं आपसात जी बोली बोलत ती मला निम्मी कळायची. माझ्याशी बोलताना काकू बाजाराची मराठी वापरत.

जेवायला तांदळाच्या भाकरी, केळफुलाची भाजी, वालाचं बिरडं आणि कच्च्या राजेळी केळ्याचे तळलेले काप. राजेळी म्हणजे इथलं खास केळं. जाड सालीचं, कोनदार, हाताच्या पंजाहून लांब. काप मी मागून मागून घेतले.

"आवडले?" काकूंनी विचारलं. "मग सुकेळी खाऊन बगा. पिकलेलं राजेळी सोलून अख्खंच्या अख्खं उन्हात वाळवायचं. मधासारखं होतं."

जेवणानंतर सुनंदा मला मागच्या खोलीत घेऊन गेली. दार ढकलताच तिने आवाज खाली आणला, आत तान्हं मूल झोपलेलं असावं तसा. "मामा, ही माझी आढी."

आढी आपल्याकडे आंब्याची. ही केळ्यांची. अंधाऱ्या खोलीत बांबूचे दोन भले थोरले टोपले, आत भाताचा पेंढा, त्यावर केळ्यांच्या फण्यांचे थर, मध्ये केळीची वाळलेली पानं, वरून गोणपाट. कोपऱ्यात मडक्यात शेणी आणि तुसाची धुरी धुमसत होती. खोलीला ऊब होती, अंगाच्या उबेसारखी. आणि वास! कच्च्या हिरव्या वासातून गोड वास नुकता कुठे फुटत होता. मी जागीच उभा राहून तो वास ओढत राहिलो. पिकणं ही गोष्ट मी आजवर ठेल्यावर, झाल्यानंतरच पाहिली होती. होताना कधी नाही.

"उद्या दुपारी उघडायची," सुनंदा कुजबुजली. "तोपर्यंत हात लावायचा नाही. ऊब निघून गेली तर काही पिकतात, काही अडतात. अडलेलं केळं वाळल्यावर चामड्यासारखं होतं. यंदा पहिल्यांदा आईंनी सगळं माझ्यावर सोडलंय."

बाहेर आल्यावर काकूंनीही तेच सांगितलं, पण वेगळ्या सुरात. "माझा खांदा गेला. यंदा आढी सुनेची. नीट उतरली तर पुढं तिची. नाय उतरली तर सुकेळी बंद. झाडावर अजून लोंगर (घड) हायेत, ते कच्चेच टेंपोवाल्याला देऊन टाकू. तो पावडर टाकून रातोरात पिवळी करतो. गिऱ्हाइकाला काय, वरचा रंग पायजे. आमच्या केळ्यावर काळा ठिपका दिसला की नाक मुरडतात. ठिपका म्हंजे गोडी, ते कोन सांगनार?"

सुनंदा भांडी घासत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. ती का वाळली होती ते मला तेव्हा कळलं. घाटावरची पोर, इथली बोली अजून जिभेवर बसलेली नाही. या टोपल्यांवर तिचं या घरातलं सगळं तोलून धरलं होतं.

दुपारी सगळे आडवे झाले. मला परक्या घरी झोप येत नाही. त्या खोलीचा वास नाकातून जात नव्हता. मी उठलो. स्वतःला सांगितलं, नुसतं बघून येतो.

दार ढकललं, गोणपाटाचा कोपरा उचलला. ऊब तोंडावर आली. फिकट पिवळेपणा नुकता चढलेली केळी पेंढ्यात ओळीने पहुडली होती. माझा अंगठा आपोआप पुढे गेला. देठाच्या जरा खाली, तिरका. एक दाबलं. घट्ट. शेजारचं दाबलं. जरा मऊ. मग पुढच्या फणीतलं. मग खालच्या थरातलं, कारण वरचं तर कोणीही सांगेल. मग दुसरा टोपला. मनात एक चित्र होतं, तेही सांगून टाकतो. संध्याकाळी चहाच्या वेळी मी सहज म्हणणार, 'उद्या दुपारी उघडायला हरकत नाही,' आणि सुनंदाच्या सासरची माणसं म्हणणार, मामा जाणकार दिसतात.

गोणपाट होतं तसं ठेवून बाहेर आलो. सालीवर कुठे काही दिसत नव्हतं. पाण्यात खडा टाकल्यावर पाणी मिटतं तशी साल मिटली होती.

चहाच्या वेळी मी ते वाक्य बोललोही. काकू म्हणाल्या, "अस्सं?" आणि बशीत चहा ओतला.

संध्याकाळी किरणने स्कूटरवर कळंबला नेलं. वाटेत गासची कापलेली भातशेतं, त्यांत चरणारे बगळे, आणि मग सुरूच्या झाडांमागून समुद्र. खाडीने मला गप्प केलं होतं. इथे तर मी किरणचं बोलणंही ऐकेनासा झालो. सूर्य पाण्याला टेकला होता आणि किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या दांड्यांवर बोंबील जोडीजोडीने टांगले होते, तोरणांसारखे. एक कोळीण ते उतरवत होती.

"रोज काढता?" मी विचारलं.

"मग? दवानं भिजवायचे काय? पाऊस आन् दव, दोनी वैरी."

मी बोंबलाकडे हात नेला होता. तिने नुसतं पाहिलं. मी हात मागे घेतला. बायकोची आठवण आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू होळी गावच्या बाजारात निघाल्या, सोबत मी. टोपली मी उचलली, त्यांचा खांदा धरलेला म्हणून. बाजार म्हणजे रस्त्याच्या कडेला मांडलेल्या टोपल्यांची रांग. लाल लुगड्यातल्या ख्रिस्ती बाया, नऊवारीतल्या वाडीवाल्या, सगळ्या एकमेकींना नावानिशी ओरडून चेष्टा करणाऱ्या. भाजी अशी की दवाचे थेंब अजून अंगावर. मुळे हस्तिदंतासारखे. मी म्हटलं, "काय स्वच्छ माल आहे!"

"स्वच्छ?" काकू हसल्या. "मातीसकट मुळा चांगला चार दिवस राहतो. पन मातीचा आनला तर म्हनतात, मावशी, धुतला नाय. धुतला की तो रातीत मऊ पडतो. मग म्हनतात, मावशी, शिळा दिला."

तेवढ्यात नव्या इमारतीतली एक बाई आली. हातात पर्स, ऑफिसला जायच्या घाईत. भेंडीच्या ढिगात हात घालून पटापट शेपट्या मोडू लागली. कट्, कट्, कट्. मोडली की एक पिशवीत, दोन परत ढिगात.

"ताई," काकू म्हणाल्या, "आधी घरी न्या, मग सगळ्या मोडा."

"बघून घ्यायला नको का मावशी? फुकट नेते का?"

"बगा ना, डोळ्यांनी बगा. डोळ्यांना काय भाडं पडतं?"

शेजारची भाजीवाली खो खो हसली. ती बाईही हसली, पण एक शेवटची मोडूनच गेली. काकूंनी मोडक्या भेंड्या वेगळ्या केल्या. "या आता कोन घेनार? दुपारी घरी. माझ्या किरणला लहानपनी वाटायचं, भेंडीला शेपटी नसतेच."

मी हसलो. मोठ्याने हसलो. मग काकूंनी टोपलीच्या तळातून एक पपई काढून माझ्यासमोर धरली. पिवळीधमक, आणि देठाजवळ काळपट बोटाएवढा डाग. डागाभोवती साल पाणीदार झालेली.

"ही कालची. काल एक मानूस दाबून गेला. काल काय दिसलं नाय. डाग आज वर आला." त्यांनी पपई माझ्या हातात दिली. "दाबनाऱ्याला कदी कळतच नाय, मामा. तो गेलेला असतो."

मी पपई धरून उभा होतो. आयुष्यभर मी मंडईतून संध्याकाळी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शांताबाईच्या टोपलीत काय वर येत असेल ते मी कधी पाहिलं नव्हतं. या वेळी मात्र मी मुक्कामाला होतो.

परतताना मी मागे मागे पडत होतो. काकूंना वाटलं, टोपलीचं ओझं.

दुपारी आढी उघडली. सुनंदाने हात धुतले, पदर खोचला, गोणपाट बाजूला केलं. गोड वासाचा लोट आला आणि तिचं तोंड उजळलं. तिने पहिली फणी दोन्ही हातांनी उचलून दाराशी उजेडात आणली. पिवळ्या सालीवर देठांच्या खाली काळे ठिपके होते. एकेका केळ्यावर एकेक, तिरका. दुसऱ्या फणीवर तेच. खालच्या थरात काही केळी एका बाजूने हिरवट राहिली होती, अडलेली.

काकूंनी एक सोललं. डाग आत उतरला होता, गर तिथे तपकिरी आणि पाणेरी.

"भरताना दाबलीस," काकू म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं. "आनि मधे उघडलीस. धीर नाय निघाला, नाय?"

सुनंदा डागांकडे बघत राहिली. मग एकदा माझ्याकडे बघितलं. "नाही आई," एवढंच म्हणाली. नेमकं कशाला नाही, ते म्हणाली नाही.

मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. तोंड उघडायला तीच वेळ होती. पण मला व्याह्यांच्या घरात जाणकार म्हणून बसायचं होतं, आणि मी चौकटीवरच्या खिळ्याकडे बघत बसलो.

चांगली केळी निवडून दोघींनी सोलली आणि अंगणातल्या मांडवावर काटक्यांच्या चटईवर मांडली. डागी आणि अडलेली एका टोपल्यात गाईसाठी. काकू किरणला म्हणाल्या, "टेंपोवाल्याला निरोप दे. उद्या येऊन झाडावरचे लोंगर कच्चेच घेऊन जा म्हनावं. झालं हे सुकेळ्याचं."

संध्याकाळी चर्चची घंटा वाजली तेव्हा सुनंदा बावखलाच्या काठी एकटी बसली होती. जेवायला आली नाही. मी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

सकाळी अंगणात आलो आणि जागीच थांबलो. रात्रभर वाळल्या पानांत गुंडाळून ठेवलेली केळी सुनंदा पुन्हा मांडवावर मांडत होती. कालची पांढरट केळी एका दुपारच्या उन्हाने दुधाळ पिवळी झाली होती. त्यांच्या ओळींवरून ऊन सरकत होतं, मधमाश्या फिरत होत्या, आणि प्रत्येक केळ्याच्या अंगावर गोडव्याचा बारीक घाम आला होता. ना यंत्र, ना पावडर. ऊन, वारा, आणि सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला उलटवणारे दोन हात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अशा कामात मी माझा अंगठा घातला होता.

रस्त्यावर टेंपोचा भोंगा वाजला.

काकू ओटीवर बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "विहीणबाई, ते डाग माझे आहेत."

"कसले डाग?"

"केळ्यांवरचे. परवा दुपारी तुम्ही सगळे झोपला होतात. मी गोणपाट उचललं आणि दाबून बघितली. दोन्ही टोपले. खालची पण. सुनंदाने काही केलेलं नाही."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. गाईच्या टोपल्यातून एक केळं उचललं. "अंगठा दाखवा."

मी अंगठा पुढे केला. त्यांनी डाग त्याच्याशी लावून बघितला. मग सुनंदाकडे वळल्या. "तुला म्हाईत होतं?"

सुनंदाचा हात मांडवावर थांबला. "मामांचा अंगठा मी ओळखणार नाही का? लहानपणी पेरू आणायला त्यांच्याबरोबर मीच जायचे. देठाच्या खाली, तिरका. फणी बाहेर आणली तेव्हाच कळलं."

"मग तोंड कुठं गेलतं तुझं?"

"माहेरचं माणूस पहिल्यांदा आलंय, आई. काय सांगू? आमच्या मामांनी तुमची आढी नासवली म्हणून?"

मला कोणी मारलं असतं तर इतकं लागलं नसतं. मी तिला वाचवायला निघालो होतो, आणि कालपासून तीच मला पाठीशी घालत होती.

"वा!" काकू एकदम कडाडल्या. "मामा-भाची दोगं मुकी! एक करून बोलत नाय, एक सोसून बोलत नाय. आनि मी म्हातारी उशीला डोकं टेकवून इचार करते, चांगली पोर, हिचा हात असा जड कसा? सुनेला काय वाटलं असंल, सासू आंधळी हाय!" मग माझ्याकडे बोट केलं. "आनि तुमी! चहा पिताना सांगत होता, उद्या उघडा म्हनून. मी म्हटलं, याला खोलीबाहेरून कसं कळलं?"

टेंपोवाला कुंपणाशी आला होता. "काकी, लोंगर काढू ना?"

"नाय. चा पी आनि जा."

"किरणशेठनी तर निरोप..."

"निरोप काल होता. आज नाय. आढी अजून चालू हाय."

सुनंदाने पाठ फिरवली. खांदे हलत होते. रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. बहुधा दोन्ही.

शिक्षा मला त्याच दिवशी मिळाली. काकूंनी गाईचा टोपला माझ्यापुढे ठेवला, सुरी दिली. "अडलेली ऱ्हाऊ द्या. बाकीची सोला, डागाएवढं कापून काढा. आत आंबलेलं नसंल तर मांडा." मांडवाच्या टोकाला एक वेगळी रांग लागली, तुटक्यामुटक्या केळ्यांची. सुनंदाने तिला 'मामाची रांग' असं नाव दिलं. हातात काठी घेऊन कावळे हाकत मी तिथे बसलो. शेजारच्या वाडीतून एक ख्रिस्ती आजी कुंपणावरून म्हणाल्या, "जानकी, नवा गडी ठेवला काय गो?" काकू म्हणाल्या, "घाटावरून आनलाय. काम येत नाय, पन बसतो चांगला."

मी दोन दिवसांसाठी गेलो होतो, राहिलो जवळजवळ आठवडा. कचेरीला एसटीडी बूथवरून रजेचा फोन केला. रोज सकाळी केळी मांडायची, दुपारी उलटायची, संध्याकाळी वाळल्या पानांत निजवायची. दुधाळ पिवळी गव्हाळ झाली, मग सोनेरी, मग मधासारखी पारदर्शक तपकिरी. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि तरीही कुठल्या क्षणी झालं ते मला सांगता येणार नाही. माझ्या रांगेतली बरीच आंबली, ती गाईने खाल्ली. थोडी तगली. सुनंदाच्या रांगा मात्र टोकापर्यंत उतरल्या. काकूंनी पहिलं सुकेळं तोंडात टाकलं, डोळे मिटून चावलं. आम्ही दोघं मामा-भाची निकालाची वाट बघत उभे.

"चामडं नाय," काकू म्हणाल्या. मग सुनंदाला, "पुढच्या साली धुरी जरा आधी काढ."

पुढच्या साली. सुनंदाने ते दोन शब्द ऐकले आणि आत पळाली.

निघताना काकूंनी केळीच्या वाळल्या पानात बांधलेली दोन पुडकी दिली. एक सुनंदाच्या रांगेतलं, एक माझ्या. "मामा, आता दरवर्षी यायचं. पन एक करा," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "पावसाळ्यात या. पावसात आढी नसते."

थांब्यावर सुनंदाने वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं. "चुकलो गं," म्हटलं. एवढंच जमलं. ती म्हणाली, "मामा, गाडीत झोपू नका."

येताना खाडीच्या पुलावर पुन्हा खिडकीची दांडी धरली. दिवस मावळत होता, पाणी आता तांबूस होतं. वाई येईपर्यंत त्या पुडक्यांतून वास येत राहिला.

सकाळी घरी पुडकं सोडलं तेव्हा शेजारचे नाना म्हणाले, "काळी पडलीयेत हो. प्रवासात खराब झाली वाटतं." बायको म्हणाली, "तुम्ही बघून नाही का घेतलीत?" मी एक नानांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते खाल्लं आणि दुसऱ्याला हात पुढे केला. ते माझ्या रांगेतलं होतं, एका टोकाला तुटलेलं. कसं तुटलं ते मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंडईत गेलो. शांताबाईने लांबूनच हाक मारली, "आले परीक्षक!" पेरू मांडले होते, पोपटी-पिवळे, देठाला पान असलेले. तिच्या मागे पोत्यावर एक वेगळी पाटी होती, अर्धी झाकलेली. त्यातल्या पेरूंवर काळपट डाग, देठाच्या खाली. ही पाटी तिथे नेहमीच असणार. मला ती इतक्या वर्षांत कधी दिसली नव्हती.

"किलोभर दे," मी म्हटलं. "तूच निवड."

तिने तागडी खाली ठेवली. माझ्याकडे संशयाने बघितलं. "का हो? हात का लावत नाही आज? माल आवडला नाही का?"

"छान आहे माल."

"मग बघा की!" तिने एक पेरू उचलून माझ्या तोंडासमोर धरला. रागावलीच होती. "दाबून बघा ना! कधी नव्हे ते आजच काय झालं?"

पेरू नाकाशी आला होता, वास सुटला होता. माझा हात वर निघाला. मी मूठ मिटली, अंगठा आत घेतला आणि दुसऱ्या हाताने पिशवीचं तोंड उघडून धरलं.

"त्या मागच्या पाटीतलेही दोन-चार घाल," मी म्हटलं.